माळ की मीटिंग? दारू सोडताना सोबत कोणाची घ्यावी

आमच्या दादाने दोनदा माळ घातली. पहिल्यांदा आषाढीला पंढरपुरात, दुसऱ्यांदा गावच्या सप्ताहात. दोन्ही वेळा दारू सुटली. पहिल्यांदा चौदा महिने, दुसऱ्यांदा जेमतेम सहा. आता तो अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या एएच्या मीटिंगला जातो आणि चार वर्षं झाली, त्याने थेंब घेतलेला नाही. तुमच्या घरात कुणी सोडायला तयार झालं असेल आणि कुठे न्यायचं यावर खल चालू असेल, तर मी जे जवळून बघितलं ते सांगते.

आधी डॉक्टर. रोज सकाळपासून पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. हात थरथरत असलेल्या माणसाला थेट वारीला किंवा मीटिंगला नेऊ नका. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. आणि घरात राहून जमणारच नसेल तर निवासी केंद्र. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथे आता स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभागही आहे. पण केंद्रातून माणूस घरी येतोच, आणि खरा प्रश्न तिथून पुढचा.

माळेचं बळ मी कमी लेखणार नाही. बुवांनी ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ गळ्यात घातली की मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, रोजचा हरिपाठ आणि वर्षाची वारी हे सगळं त्यासोबत येतं. दादाची पिण्याची वेळ संध्याकाळी सातची. त्याच वेळी देवळात टाळ वाजायचे, म्हणजे तो रिकामा तासच भरून निघाला. शिवाय लग्नात, हळदीत कुणी ग्लास पुढे केला तर ‘माळकरी आहे’ एवढं पुरे. नाही म्हणताना कारण द्यावं लागत नाही, हा दिलासा न पिणाऱ्याला कळायचा नाही.

पण माळ हा शब्द असतो, देवाला आणि गावाला दिलेला. तो मोडला त्या दिवशी काय? दादाने पिण्याआधी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली होती. वहिनीला ती सकाळी दिसली आणि काही न विचारता सगळं कळलं. त्यानंतर तो देवळासमोरून जायचाच बंद झाला, मागच्या बोळातून वळसा घालायचा. देवळात त्याला कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. लाज त्याची त्यालाच होती, आणि ती बुडवायला हाताशी एकच गोष्ट होती.

एएची घडणच मुळी याच ठिकाणी वेगळी. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार खचलेले, एकमेकांशी बोलले आणि त्यातून ही संघटना उभी राहिली. भारतात ती १९५७ पासून आहे. फी नाही, नाव-गाव-जात विचारत नाहीत. अट एकच: दारू सोडायची इच्छा हवी. काल प्यायलेला माणूसही आज येऊन बसू शकतो.

मी एकदा ओपन मीटिंगला, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं अशा मीटिंगला, दादाबरोबर गेले होते. महापालिकेच्या शाळेतला चौथीचा वर्ग. फळ्यावर सकाळचे भागाकार तसेच. बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. एकजण उठला, नाव सांगितलं, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणाला आणि मंगळवारी स्लिप झाल्याचं, म्हणजे पुन्हा प्यायल्याचं, सांगताना रडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, परत आला म्हणून. दादाचा स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेला आणि आता त्याला सोबत करणारा जुना सदस्य, हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. त्याचं सांगणं एवढंच: ‘प्यावीशी वाटली की आधी मला फोन, मग ग्लास.’

अध्यात्म इथेही आहे. दारू सोडण्याची एएची वाट म्हणजे बारा पायऱ्या, त्यांमध्ये देव येतो, पण ‘आम्हाला जसा उमगला तसा’. दादाने तिथे विठ्ठल ठेवला, शेजारच्या बाकावरच्या कट्टर नास्तिकाने तो गटच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानला. फरक आहे तो बोलण्यात. कीर्तनात आपण ऐकतो. इथे आपल्या चुका लिहून काढायच्या, एका माणसाला वाचून दाखवायच्या, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करायची. चुलत्याचे बुडवलेले पैसे दादाने दीड वर्षात हप्त्याहप्त्याने फेडले.

२०२० मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांवर लोकांचा आढावा घेतला. दारू पूर्ण बंद ठेवण्यात बारा पायऱ्यांवर आधारलेली मदत इतर समुपदेशनाच्या तोडीची किंवा सरस ठरली.

अडचणी आहेत. खेड्यात मीटिंग नसते, तालुक्याला जायचं तर शेवटची गाडी गाठावी लागते. लहान गावात गुप्तता टिकणं कठीण, आणि बाईमाणसाला तर त्या खोलीत पाऊल टाकणंच जड जातं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन हा वेगळा गट आहे. वहिनी तिकडे जायला लागल्यावर तिने दादाचे खिसे तपासणं सोडलं.

म्हणून माझं मत असं. जवळपास मीटिंगच नसेल आणि माणूस मनाने वारकरी असेल, तर माळ घालू द्या, पण पडल्यावर ज्याला निःसंकोच फोन करता येईल असा एक माणूस सोबत हवाच. माळ एकदा मोडली असेल तर दुसरीची घाई करू नका, आधी मीटिंग. देवाचं नावही नको असेल तर समुपदेशक गाठा, मीटिंगला एकदा बसून तरी बघा.

यंदा आषाढीला दादाला परत माळ घालायची आहे. स्पॉन्सरला विचारलं तर तो म्हणाला, ‘घाल की. फक्त गुरुवारी वर्गात यायचं चुकवू नकोस.’ देव्हाऱ्यातली जुनी माळ वहिनीने नवीन दोऱ्यात ओवून ठेवली आहे.