ब्रेक खाली लागत होता, ठाण्यात वागळे इस्टेटच्या गॅरेजमध्ये नीट झाला (४ स्टार)

आधी कबुली देतो, ब्रेक मऊ लागतोय हे बायकोला माझ्या दीड महिना आधी कळलं होतं. ती म्हणायची सकाळी सोसायटीतून निघून घोडबंदर रोडला लागलं की ब्रेक खाली लागतो, संध्याकाळी येताना तेवढं जाणवत नाही, आणि मी आपलं ज्ञान पाजळत होतो की अगं इलेक्ट्रिक गाडीला रिजन असतं (मोटरच गाडी हळू करते आणि त्यातली वीज बॅटरीत परत जाते), असंच लागतं ते. आता कळतंय की तिने अर्धं निदान तेव्हाच करून दिलं होतं. रात्रभर चार्जिंग करून बॅटरी फुल असली की रिजनची वीज घ्यायला जागा नसते, मग गाडी रिजन कमी करते आणि थांबवायचं सगळं काम खऱ्या ब्रेकवर येतं. संध्याकाळी बॅटरी साठ टक्क्यांवर आली की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी गाडी आपोआप ओढून धरते, त्यात ब्रेकचा दोष झाकला जातो. मग एका सकाळी मानपाड्याच्या सिग्नलला पुढे टीएमटीची बस आणि माझं पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं खाली. थांबली गाडी, पण एसीत घाम फुटला.

सर्व्हिस सेंटरला दोनदा गेलो, कुठलं ते लिहीत नाही. पहिल्यांदा "सर ईव्हीमध्ये नॉर्मल आहे" म्हणून गाडी धुऊन परत दिली. दुसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला तर बूस्टर (ब्रेकवर पायाचा जोर वाढवणारा) आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) दोन्ही बदला म्हणाले, एस्टिमेट ४१ हजार. गाडीची वॉरंटी संपलेली, बॅटरीची आहे ती वेगळी, तिचा इथे काय उपयोग.

मग ऑफिसातल्या एकाने हे गॅरेज सांगितलं. रोड नंबर १६ च्या आतल्या गल्लीत आहे, पहिल्यांदा जाणारा चुकतोच. इथे जे दादा बघतात त्यांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. सीटवर बसले, गाडी चालू केली, पेडलवर पाय ठेवून मिनिटभर नुसते दाबून बसले. म्हणाले, "बघा साहेब, जिथे थांबलाय तिथेच आहे, हळूहळू खाली जात नाहीये. मास्टर सिलिंडरचं सील गेलं असतं तर पाय बुडत गेला असता." मग चारपाच वेळा भराभर दाबलं तर पुढून व्हॅक्युम पंपाचा घर्रर्र आवाज आला. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही तर बूस्टरला व्हॅक्युम कुठून मिळणार, म्हणून तो पंप. "बूस्टर मेला की पेडल दगडासारखं कडक होतं, मऊ नाही होत. कोणी सांगितलं तुम्हाला बूस्टर बदला?" मी गप्प. ४१ हजार तिथेच वाचले म्हणायला हरकत नाही.

पुढची गोष्ट मला फार आवडली म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडी लिफ्टवर घेतली (घेताना लिफ्टचे हात बॅटरीच्या पत्र्याला लागत नाहीत ना हे पोऱ्याने वाकून चारही बाजूंनी बघितलं, हे सगळीकडे होत नाही). चारही चाकांच्या रबरी ब्रेक पाइपांना गोल दांड्यांचे क्लॅम्प लावून ते बंद केले आणि मला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. पेडल एकदम टणक, इंचभरही नाही. म्हणजे वरचं सगळं ठीक, दोष खाली कुठल्यातरी चाकात. मग एकेक क्लॅम्प काढत गेले, पुढचा उजवा, पुढचा डावा, मागचा उजवा, दरवेळी पेडल किंचित खाली यायचं आणि थांबायचं. मागचा डावा काढला आणि पाय भसकन गेला. मी वरून ओरडलो, "दादा हाच!" खालून आवाज आला, "माहितीय, दिसतंय."

चाक काढल्यावर कळलं. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबून धरणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातल्या खालच्या पिनेचं रबर फाटलेलं, पावसाचं पाणी आत जाऊन पिन जाम झालेली. पान्याने पिळून पिळून बाहेर काढली तर ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल. पॅड मी हातात घेऊन बघितलं, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम निम्मं, पाचरीसारखं. कॅलिपर सरळ सरकत नाही म्हणून ब्रेक दाबला की आधी तो तिरका व्हायचा आणि पेडल तेवढं फुकट खाली जायचं. आणि हे इलेक्ट्रिक गाडीतच जास्त का, तर रिजनमुळे ब्रेक वापरलाच जात नाही, पॅड टिकतात म्हणून आपण खूश आणि तिकडे पिना गंजतायत.

ब्रेक ऑइल पण बदललं. साडेतीन वर्षं कोणी हात लावला नव्हता, आणि ते हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट फोर दर्जाच्या ऑइलला किमान २३० डिग्रीला उकळायचं बंधन आहे, पाणी मुरल्यावर तेच १५५ पर्यंत येऊ शकतं. टेस्टर पेन बुडवला तर लाल दिवा. मागच्या पॅडसाठी हँडब्रेकच्या मोटरला स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये घ्यावं लागतं, तो स्कॅनर यांच्याकडे आहे, नाहीतर पिस्टन जबरदस्तीने आत ढकलून मोटर तोडणारे पण आहेत.

बिल ५,७५०. मागचे दोन्ही बाजूंचे पॅड, पिनांचं किट, ऑइल आणि मजुरी, जुने पार्ट न मागता पिशवीत घालून दिले. ट्रायलला बायकोला बसवलं, तिने पहिल्याच वळणावर ब्रेक मारला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

एक स्टार कापला कारण दोन तास सांगून साडेपाच तास लागले, मी रिक्षाने मामलेदारला जाऊन मिसळ खाऊन परत आलो तरी गाडी वरच टांगलेली. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तीही बहुतेक वेळा पोऱ्याकडे. टेम्पोंच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळणं नशिबावर, सकाळी साडेनवाच्या आत पोचा. फोन उचलत नाहीत, गाडीचं मॉडेल आणि तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा, रात्री आठनंतर उत्तर येतं.