नॅसवर आयस्कझी लावायचं की शेअर फोल्डरच बरं?

नवा नॅस (नेटवर्कला जोडलेला स्टोरेज बॉक्स) आला की आयस्कझी की शेअर फोल्डर हे बरेच जण स्पीडवरून ठरवायला जातात, पण एक गिगाबिटच्या लॅनवर मोठी फाईल दोन्हीकडे सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच जाते, अडतं ते केबलपाशी. बघायचं ते हे की त्याच फाईल्स एकाच वेळी किती मशीनला लागणार आहेत.

शेअर फोल्डरमध्ये फाईल सिस्टिम नॅस सांभाळतो, म्हणून युजरप्रमाणे परमिशन देता येते, एकाने एक्सेल उघडलं की दुसऱ्याला लॉक दिसतं, रिसायकल बिन चालू असेल तर डिलीट झालेली फाईल परत काढता येते. आयस्कझीत (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) नॅस नुसते ब्लॉक देतो, म्हणजे कोरी डिस्क, फॉरमॅट तुमचा पीसी मारतो आणि त्याला ती आतली हार्डडिस्कच वाटते, नॅसच्या फाईल मॅनेजरमधून मात्र आतलं काहीच दिसत नाही. आणि एकाच लनला (नॅसने अशी दिलेली डिस्क) दोन विंडोज पीसी जोडलेत तर दोघंही डिस्क आपल्या एकट्याची समजून लिहीत सुटतात आणि एनटीएफएसची (विंडोजची फाईल सिस्टिम) पार वाट लागते. सिनॉलॉजीच्या नॅसमध्ये टार्गेटला (पीसी लनसाठी ज्याला जोडला जातो ते नाव) एकापेक्षा जास्त सेशनची परवानगी देणारा टिक आहे, तो व्हीएमएफएससारख्या क्लस्टरवाल्या, म्हणजे अनेक मशीन एकत्र वापरू शकतात अशा फाईल सिस्टिमसाठी, ऑफिसातल्या चार जणांच्या कॉमन फोल्डरसाठी नव्हे.

म्हणजे कॉमन फाईल्स असतील तर शेअर, विषय संपला. हायपर-व्ही किंवा ईएसएक्सआयवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालवताय, किंवा एखादं सॉफ्टवेअर नेटवर्क ड्राइव्हवर इन्स्टॉलच होत नाही, तर आयस्कझी. मॅकवाल्यांनो, मॅकओएसमध्ये इनिशिएटर (पीसीकडून आयस्कझी जोडणारं सॉफ्टवेअर) मुळात येतच नाही, वेगळा घ्यावा लागतो.

आयस्कझी ठरलं की पुढे थिन का थिक. थिन लन १ टीबीचा दाखवलात तरी जागा लिहाल तेवढीच खातो, छान वाटतं, पण खालचा व्हॉल्यूम भरला की लिहिणं बंद आणि विंडोज अजून ४०० जीबी मोकळे दाखवतंय! शिवाय आत डिलीट केलेली जागा स्पेस रिक्लेमेशन चालू नसेल तर नॅसला परत मिळत नाही. व्हॉल्यूमवर रोज कोणी लक्ष ठेवणार नसेल तर मी थिकच म्हणेन, जागा आधीच अडकते पण झोप तरी लागते. ट्रूनॅस (नॅससाठीची दुसरी सिस्टिम) वापरून त्यावर लनसाठी झेडव्हॉल केलात तर पूल (सगळ्या डिस्कची मिळून जागा) निम्म्याच्या वर भरू देऊ नका, फ्रॅगमेंटेशनने तो रडायला लागतो.

सेटअपला सिनॉलॉजी सोपा, त्याच्या डीएसएम ७ सिस्टिममध्ये सॅन मॅनेजरचा विझार्ड लन आणि टार्गेट एकाच दमात करतो. ट्रूनॅसमध्ये पोर्टल (नॅसचा आयपी पत्ता), इनिशिएटर, टार्गेट, एक्स्टेंट (मागची डिस्क किंवा फाईल) असे तुकडे जोडावे लागतात, विझार्ड तिथेही आहे पण काय कशाला जोडलंय ते समजून घ्यावंच लागतं. चॅप (पासवर्डने लॉगिन) दोन्हीकडे लावा, पासवर्ड १२ ते १६ अक्षरांचा, विंडोजचा इनिशिएटर त्याबाहेरचा घेत नाही. चॅप फक्त लॉगिन तपासतो, डेटा उघडाच जातो, त्यामुळे आयस्कझीचा ३२६० पोर्ट राऊटरवरून बाहेर अजिबात उघडू नका.

दोन लॅन पोर्ट आहेत म्हणून एलएसीपी (दोन केबल एकत्र बांधणं) करून एका पीसीला डबल स्पीड मिळेल ही आशा सोडा, एक सेशन एकाच केबलने जातं. त्याला एमपीआयओ (एकाच लनला एकाहून जास्त वाटांनी जोडणं) लागतं आणि ते विंडोज सर्व्हरमध्ये आहे, विंडोज १०-११ मध्ये नाही. त्या खटपटीपेक्षा २.५ गिगाबिटचं कार्ड आणि स्विच बघा, अर्थात नॅसलाही तसा पोर्ट असेल तर.

आणि लनचा साईज सुरुवातीला कमीच ठेवा, सिनॉलॉजीत तो नंतर वाढवता येतो, लहान करता येत नाही.