तीन एचपीचं इंडक्शन प्रेशर वॉशर: सांगलीत धंद्यावर वापरल्यानंतरचा अनुभव

सोसायट्यांची पार्किंग, पेव्हर ब्लॉकची अंगणं, डेअरीचे ओटे, पोल्ट्रीची शेड, उसाच्या ट्रॉल्या. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात अशा कामांवर हे जोराच्या धारेने धुणारं मशीन उन्हाळा आणि पावसाळा दोन्हीत चाललंय. पाटीवरचे आकडे असे: इंडक्शन मोटर २.२ किलोवॅट म्हणजे ३ एचपी, सिंगल फेज, कामाचं प्रेशर १२० बार (बार हे दाबाचं एकक), पाणी मिनिटाला ९ लिटर. पंप क्रँकवर चालणारा, तीन सिरॅमिक प्लंजरचा (दट्ट्यांचा), हेड पितळी. साफसफाईचा छोटा धंदा सुरू करणाऱ्यांनी याच वर्गातलं मशीन घ्यावं, असं स्पष्ट मत आहे.

बरेच जण बारचा आकडा बघून मशीन घेतात आणि तिथेच फसतात. हिशेब सोपा आहे. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००, की पाण्यात उतरणारे किलोवॅट मिळतात. इथे १२० गुणिले ९ भागिले ६०० म्हणजे १.८. पंपातली घट धरली तर मोटरला साधारण २.१ किलोवॅट द्यावे लागतात, आणि मोटर २.२ ची आहे. जमलं. आता एखाद्या खोक्यावर १८०० वॅट, २०० बार आणि १० लिटर असं एकत्र लिहिलं असेल, तर त्या आकड्यांना ३.३ किलोवॅट लागतील. ते १८०० वॅटच्या मोटरमधून येणार कुठून? असे आकडे बहुधा 'कमाल' असतात आणि एकाच वेळी मिळत नाहीत. दुकानदाराला कामाचं प्रेशर आणि त्याच प्रेशरला किती लिटर, एवढंच विचारा.

घाण सोडवतं प्रेशर, पण वाहून नेतं पाणी. सांगलीत हे पुराच्या गाळावर लगेच कळतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्यानंतर घराघरांत जो गाळ बसला, तसल्या चिकट मातीवर बारीक धार नुसती रेघा ओढते. आधी खोऱ्याने आणि साध्या पाइपाने ढीग काढायचा, मग २५ अंशाचा हिरवा नोझल लावून वरून खाली यायचं. गाळ ओला असतानाच हात घालावा. वाळला की काम कितीतरी वाढतं. मीटर बोर्ड आणि भिंतीतले पॉइंट यांच्यावर धार कधीही मारू नका.

हलक्या युनिव्हर्सल (कार्बन ब्रशच्या) मोटरचं मशीन घरच्या गाडीला छान. रोजच्या कामाला नाही. कार्बन झिजतात, मोटर तापते, मध्ये मध्ये थांबावं लागतं. तासगाव-पलूसकडे फवारणीचा एचटीपी पंप अनेकांच्या घरी असतोच. त्याला पाणी भरपूर, पण प्रेशर ३०-४० बारच्या आसपास. ट्रॅक्टर धुवायला तो पुरतो. पेव्हरवरचं जुनं शेवाळ त्याने निघत नाही.

या मशीनला सगळ्यात जास्त त्रास दिलाय तो पाण्याने. बोअरच्या पाण्यात बारीक वाळू येते, क्षारही असतात. वाळू सील खाते, प्लंजरवर ओरखडे पाडते. पंपात सहा छोटे व्हॉल्व्ह असतात, तीन पाणी आत घेणारे, तीन बाहेर सोडणारे. त्यातल्या एकात कण अडकला की गेजचा काटा थरथरतो, पाइप उड्या मारतो आणि गन हातात धडधडते. पितळी टोप्या खोलून व्हॉल्व्ह बाहेर काढा, बसायची जागा बोटाने चाचपून बघा, क्षार चिकटले असतील तर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवून धुवा. मशीन बहुतेक वेळा एवढ्यावर ठीक होतं. सोबत आलेल्या चिमुकल्या गाळणीवर विसंबू नका. इनलेटला धुता येणारी मोठी जाळीची गाळणी लावा आणि रोज साफ करा. टाकीतून पाणी ओढत असाल तर पाऊण इंची, आतून तार असलेला सक्शन पाइप घ्या. साधा पाइप चपटा होतो किंवा जोडाला हवा धरतो, आणि पंप कर्कश आवाज करायला लागतो. तो आवाज आला की लगेच बंद करा.

स्वतःची टाकी छोट्या हत्तीत नेणार असाल तर ५०० लिटर म्हणजे सलग धारेची जेमतेम ५५ मिनिटं. २०० लिटरचं पिंप बावीस मिनिटांत रिकामं.

विजेचं बघा. मोटर साधारण १३-१४ अँपिअर ओढते, त्यामुळे १६ अँपिअरचाच प्लग. चालू होताना करंट पाच-सहापट जातो. २५ मीटरची १ चौरस मिलिमीटरची वायर लावली तर त्या क्षणी साठेक व्होल्ट वायरीतच पडतात, मोटर नुसती गुणगुणते आणि शेवटी कपॅसिटर जातो. २.५ ची तांब्याची वायर घ्या, रीळ पूर्ण उलगडा, गनची चावी दाबून धरून मगच स्विच टाका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, यात तडजोड नको.

नोझल झिजतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. या पंपाला ०३५ नंबरचा बसतो. भोकाचा व्यास ५ टक्के वाढला तरी प्रेशर साधारण २० टक्के उतरतं, आणि दोष पंपावर येतो. आधी नवा नोझल लावून बघा. फिरणारा टर्बो नोझल शेवाळावर अप्रतिम आहे, पण रंग, लाकूड आणि गाडी यांच्यावर तो नको. पेव्हरच्या सांध्यातली कच धारेने निघून जाते. ती पुन्हा भरायचे पैसे आधीच सांगून ठेवा. सोलर पॅनेलवर हे मशीन नकोच, तिथे मऊ ब्रश आणि साधं पाणी.

तेल पहिल्या ५० तासांनी बदललं. काचेतून ते दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरतंय, तसंच चालवू नका. गन सोडून मशीन दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त फिरत ठेवू नका. तेच पाणी पंपात घोळून तापतं आणि सील कडक होतात.

तक्रारी दोन. वजन जास्त आहे, जिन्याने चढवायला दोन माणसं लागतात. आणि सोबतचा १० मीटरचा पाइप धंद्याला अपुरा आहे. २० मीटरचा घेताना जुना जोड सोबत न्या, कारण एम-२२ (२२ मिलिमीटर आट्याच्या) जोडात आतल्या पिनचे १४ आणि १५ मिलिमीटर असे दोन प्रकार येतात; आटे बसतात, पण आतली पिन जुळली नाही तर ओ-रिंग कितीही बदला, गळती थांबत नाही.

गॅरेजमधलं ग्रीस हेच मुख्य काम असेल तर थंड पाण्याचं कुठलंच मशीन समाधान देणार नाही, गरम पाण्याचं बघा. बाकी कामांसाठी पैसे देण्याआधी याच पंपाचं सील किट आणि व्हॉल्व्ह दुकानदाराकडे आत्ता शिल्लक आहेत का, ते काढून दाखवायला सांगा. 'मागवून देतो' म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.