हेड अँगल एक अंशाने उतरवायचा असेल तर: अँगल हेडसेट, लांब फोर्क की ऑफसेट बुशिंग?

दहा-एक वर्षांपूर्वीच्या बहुतेक माउंटन बाईकचा हेड अँगल, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा जमिनीशी होणारा कोन, ६८ ते ६९ अंश असे. आजच्या ट्रेल प्रकारच्या सायकलींत तो ६४ ते ६६ अंशांच्या आसपास आला आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या किंवा गोरेवाड्याकडच्या मुरमाच्या वाटांवर हा फरक सहसा जाणवत नाही. चिखलदरा किंवा पचमढीच्या बाजूच्या खडकाळ उतारावर पुढचे चाक दगडाला अडून मागचे हलके पडू लागले, की मात्र तो लगेच कळतो. फ्रेम उत्तम स्थितीत आहे, नवी घ्यायची नाही आणि तरीही उतारावर सायकल अधिक स्थिर हवी, अशा सायकलस्वारासमोर मुख्यतः तीन मार्ग असतात: कोन बदलणारा हेडसेट (हँडल आणि फोर्क ज्यावर फिरतात ती बेअरिंगची जोडणी) बसवणे, जास्त ट्रॅव्हलचा, म्हणजे जास्त दबणारा फोर्क लावणे, किंवा मागच्या शॉकला ऑफसेट बुशिंग (मध्याऐवजी बाजूला भोक असलेले बुशिंग) घालणे. फ्रेमची हेडट्यूब, म्हणजे हेडसेट जिच्यात बसतो ती पुढची नळी, साथ देत असेल तर यांपैकी पहिला मार्ग सर्वांत स्वच्छ आहे, असे माझे मत आहे. परंतु ही ‘तर’ची अट बऱ्याच फ्रेमना पूर्ण करता येत नाही, म्हणून तुलना तिथूनच सुरू करणे योग्य.

हेडट्यूबमध्ये बेअरिंग धरणारे कप दाबून बसवलेले असतील, म्हणजे जुन्या हेडसेटच्या मापात झेडएस (झीरो स्टॅक) किंवा ईसी (एक्स्टर्नल कप) ही अक्षरे असतील, तर अँगल हेडसेट मिळण्याची शक्यता चांगली. वरचा आतील व्यास ४४ मिमी आणि खालचा ५६ मिमी ही टेपर्ड फोर्कच्या (ज्याचा स्टीअरर, म्हणजे हेडट्यूबमधून वर जाणारी नळी, खाली जाड असते) फ्रेमची प्रचलित जोडी आहे आणि तिच्यासाठी तिरके कप बनवले जातात. याउलट बेअरिंग थेट फ्रेममध्येच टेकत असेल, म्हणजे मापात आयएस (इंटिग्रेटेड) लिहिलेले असेल, तर स्टीअररभोवती तिरकेपणाला जागाच फारशी उरत नाही. पर्याय थोडे मिळतात आणि कोनातला बदलही थोडाच मिळतो. हेडट्यूब वरपासून खालपर्यंत ४४ मिमीची आणि फोर्क टेपर्ड असेल, तर खालचा कप बाहेर येणारा घ्यावा लागतो. त्याची उंची साधारण १२ मिमी असल्याने पुढचा भाग वर उचलला जातो आणि कोन त्यामुळेच आणखी सुमारे अर्ध्या अंशाने कमी होतो. हा हिशेब खरेदीपूर्वी न केल्यास एका अंशाऐवजी दीड अंश पदरात पडतो.

बाजारातील अँगल हेडसेट दोन जातींचे आहेत. केन क्रीकच्या अँगलसेटमध्ये बेअरिंग एका झुलत्या कड्यात बसते, त्यामुळे वरचा आणि खालचा भाग आपोआप एका रेषेत येतो. अर्धा, एक आणि दीड अंश असे पर्याय त्यात होते. वर्क्स कंपोनंट्स किंवा वुल्फ टूथच्या जिओशिफ्टमध्ये तिरकेपणा कपातच कोरलेला असतो. या दुसऱ्या जातीत सुटे भाग कमी, म्हणून करकर वाजण्याच्या जागाही कमी. मात्र कप हेडट्यूबच्या लांबीनुसार निवडावा लागतो आणि बसवताना नेमकेपणा लागतो. उन्हाळाभर धूळ आणि पावसाळ्यात चिकट काळी माती, अशा हवामानात मी दुसरी जात निवडेन.

आता प्रत्यक्ष काय बदलते ते पाहू. २९ इंची चाक आणि ४४ मिमी ऑफसेटचा फोर्क (ज्यात चाकाचा अक्ष स्टीअरिंगच्या अक्षापासून तितका पुढे असतो) धरल्यास हेड अँगल ६८ वरून ६७ अंशांवर आणताना, चाक जमिनीला टेकते तो बिंदू आणि स्टीअरिंगचा अक्ष यांतील अंतर सुमारे १०३ मिमीवरून ११० मिमीवर जाते. वेगात हँडल स्थिर वाटते ते यामुळे. पुढचे चाक जवळपास १० मिमी पुढे सरकते, तितकाच व्हीलबेस, म्हणजे दोन्ही चाकांच्या अक्षांतील अंतर, वाढतो. त्याच वेळी पुढचा भाग सुमारे ४ मिमीने खाली बसतो आणि या झुकावामुळे कोन थोडा परत वाढतो, म्हणून एक अंशाच्या कपातून जमिनीवर खरा बदल साधारण ०.८ अंशाचाच मिळतो. बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा दांडा ज्यात फिरतो तो भाग) एक-दोन मिलिमीटर उतरतो. सीटचा कोन किंचित उभा होतो, ही तर चढासाठी फायद्याचीच गोष्ट. बसण्याची ठेवण जवळपास तशीच राहते, म्हणूनच वर मी या मार्गाला स्वच्छ म्हटले.

लांब फोर्कचे गणित वेगळे आहे. ट्रॅव्हल २० मिमीने वाढवला की कोन जवळपास एक अंशाने उतरतो, पण फ्रेम संपूर्णच मागे कलते: बॉटम ब्रॅकेट सुमारे ७ मिमी वर जातो, सीटचा कोनही तितकाच मागे पडतो आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेडट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर) साधारण १० मिमीने घटतो. वजन मागे गेल्यामुळे छोट्या, तीव्र चढावर पुढचे चाक भरकटू लागते, आणि नागपूर परिसरातील चढ बहुतेक असेच आहेत. फ्रेम बनवणाऱ्याने ठरवलेली फोर्कच्या लांबीची मर्यादा ओलांडल्यास हेडट्यूबवर अधिक ताण येतो आणि वॉरंटीही जाऊ शकते. मात्र या मार्गाची एक जमेची बाजू खरी आहे: उताराला लागणारा जादा ट्रॅव्हल हाती येतो, आणि काही एअर फोर्कमध्ये फक्त एअर शाफ्ट बदलून तो मिळवता येतो. तुमच्या फोर्कचा ट्रॅव्हल दर उतारावर शेवटपर्यंत संपत असेल, तर कोनाचा विचार नंतर करावा आणि आधी हे करावे.

ऑफसेट बुशिंग हा फक्त फुल सस्पेन्शनवाल्यांचा मार्ग आहे. शॉकच्या टोकाचे भोक काही मिलिमीटर सरकल्याने मागचा भाग खाली बसतो, कोन सुमारे अर्धा अंश उतरतो आणि बॉटम ब्रॅकेटही बराच उतरतो. पॅडल दगडाला लागण्याचा धोका त्यातून वाढतो. शिवाय बसवल्यावर शॉकमधील हवा काढून मागचे चाक पूर्ण दाबून पाहिलेच पाहिजे, कारण टायर सीटट्यूबला घासू शकतो. स्वस्त आणि सहज परत फिरवता येणारा उपाय म्हणून प्रयोगाला ठीक आहे. याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

अँगल हेडसेटची किंमत मोजण्याआधी त्याचा तोटाही समजून घ्यावा. कोन जितका कमी, तितके संथ वेगात हँडल वळले की बाजूला पडण्याची ओढ अधिक. वरच्याच उदाहरणात ६७ अंशांवर ही ओढ कागदावर सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, तर ६६ अंशांवर वीस टक्क्यांहून अधिक. झाडांमधून वळत जाणाऱ्या सपाट वाटेवर दोन अंशांचा बदल जड हँडलसारखा वाटेल. दोन अंशांसाठी अनेकदा खालचा बाहेरचा कपही लागतो. त्यामुळे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच सातपुड्याकडे जाणाऱ्याने एका अंशावर थांबावे. दर महिन्याला घाटात उतरणाऱ्याने दीड-दोन अंशांचा विचार करावा. ज्याची फ्रेम मुळातच ६६ अंशांची आहे, त्याने यात पडूच नये. आखूड स्टेम (हँडलबारला फोर्कशी जोडणारा भाग) आणि रुंद हँडलबार यांनी कोन बदलत नाही, पण सपाट भागात फिरणाऱ्या पुष्कळांना हवा असलेला आत्मविश्वास तेवढ्यातच मिळतो, हेही नोंदवले पाहिजे.

बसवण्याचे काम कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात हातोडी आणि लाकडी ठोकळ्याने करून घेऊ नये. जुने कप काढण्याचे हत्यार आणि हेडसेट प्रेस असलेलाच मेकॅनिक शोधावा. फ्रेमची मध्यरेषा हेडट्यूबवर खूण करून घ्यावी, कपावरील खूण तिच्याशी जुळवावी आणि अर्धा कप बसल्यावर पुन्हा पाहावे, कारण कप थोडासा जरी फिरून बसला तरी सायकल सतत एका बाजूला ओढते आणि ते बेअरिंगच्या आवळण्याने सुधारत नाही. वरचा आणि खालचा कप विरुद्ध दिशांना तिरके असतात; दोन्ही उलट बसवल्यास कोन कमी होण्याऐवजी वाढतो. फोर्कचा स्टीअरर आधीच आखूड कापलेला असेल, तर नव्या कपांच्या वाढीव उंचीला तो पुरेल का हेही मोजावे. कार्बन फ्रेमच्या बाबतीत उत्पादकाची लेखी परवानगी असल्याशिवाय कप दाबू नयेत. हे हेडसेट बहुधा बाहेरून मागवावे लागतात, म्हणून बेअरिंगचा बाह्य व्यास, आतील व्यास, जाडी आणि कडेचे कोन घेतानाच लिहून ठेवावेत. पावसाळ्यानंतर छर्रे गंजले, तर त्याच मापाचे बेअरिंग इथे शोधता येते आणि पूर्ण हेडसेट पुन्हा मागवण्याची वेळ येत नाही.