साडेतीन इंची एफपीव्ही: स्वतः जोडला, केळीच्या पट्ट्यात उडवला

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचा, डिप्लोमाला शिकतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझा पहिला एफपीव्ही ड्रोन, म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये बघत उडवायचा ड्रोन, जोडला आणि तेव्हापासून पावसाळ्यातली उघडीप, थंडी आणि आता हा उन्हाळा, अशा सगळ्या हवेत तो उडवलाय. पहिला ड्रोन कोणता घ्यावा असं कॉलेजातली पोरं विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत पक्कं आहे: आपल्या भागात वेग, कॅमेरा, रेंज हे सगळं नंतर बघायचं. आधी हे बघायचं, की पडल्यावर तो घरच्या टेबलावर पुन्हा उभा करता येईल का.

आमच्या आजोबांनी किमतीच्याही आधी हेच विचारलं होतं. "हाई पडनं ते दुरुस्त कोन करी?" प्रश्न बरोबरच होता. एफपीव्हीचा सुटा भाग हातात घेऊन बघता येईल असं दुकान मला जळगावातही मिळालं नाही. पंखा असो की मोटर, सगळं ऑनलाइन मागवायचं. त्यात बॅटऱ्या बहुतेक दुकानं रस्त्यानंच पाठवतात, म्हणजे त्यांना आणखी उशीर. अशा ठिकाणी बंद डब्यातला ड्रोन बिघडला की तो कपाटातच जातो. शिवाय परदेशातून पूर्ण तयार ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२ पासून सरकारनं बंदी घातली आहे, सुट्या भागांना ती नाही. त्यामुळे जोडणी शिकणं ही इथे हौसेपेक्षा गरजेची गोष्ट आहे.

निवडताना माझ्यासमोर तीन पर्याय होते. पहिला व्हूप: ६५ किंवा ७५ मिलिमीटरचा, पंख्यांभोवती प्लास्टिकचं कडं असलेला, एका सेलच्या बॅटरीवर चालणारा. घरात, ओसरीवर, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तो फार सुंदर उडतो आणि कुणाला लागत नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलासाठी विचाराल तर मी डोळे झाकून हाच सांगेन. पण मला शेतात उडवायचं होतं आणि तिथल्या वाऱ्यात तो पाचोळ्यासारखा जातो. दुसरा पर्याय पाच इंची पंख्यांचा, ज्याचे व्हिडिओ बघून सगळे या छंदात येतात. बॅटरी धरून त्याचं वजन ६००-७०० ग्रॅमच्या घरात जातं, त्याच्या पंख्यात बोट गेलं तर टाके पडतात, आणि तो आदळला की जे तुटतं तेही महाग असतं. पहिला म्हणून तो घेऊ नका, असंच मी सांगतो.

मी मधला घेतला. साडेतीन इंची पंखे, १४०४ मापाच्या मोटर, चार सेलची ६५० एमएएच बॅटरी, साधा ॲनालॉग कॅमेरा. सगळं धरून वजन २५० ग्रॅमच्या आत. ही मर्यादा महत्त्वाची आहे, कारण २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि तो उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी जास्त विचार केला, ती म्हणजे बोर्ड. या मापाच्या ड्रोनमध्ये बहुतेक जण ऑल-इन-वन बोर्ड घालतात. फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू) आणि चारही मोटरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) एकाच पाटीवर, वजन कमी, वायरिंग कमी. पण त्यातला एक ईएससी जळला तर सगळी पाटी गेली. मी दोन मजली स्टॅक घेतला: वर कंट्रोलर, खाली फोर-इन-वन ईएससी. काही ग्रॅम वाढले. थंडीत एका बांधावर ड्रोन आदळला, एक मोटर अडकून पडली आणि तिचा ईएससी जळाला. तेव्हा फक्त खालची पाटी बदलली. वरचा कंट्रोलर, त्यातल्या बीटाफ्लाइट या सॉफ्टवेअरची सगळी सेटिंग, रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, काहीही हलवावं लागलं नाही. या एका प्रसंगात त्या ज्यादा ग्रॅमची किंमत वसूल झाली.

पैशांचं म्हणाल तर ड्रोनला १६-१७ हजार लागले. त्याहून जास्त रेडिओ (म्हणजे हातातला रिमोट), गॉगल, चार्जर आणि बॅटऱ्यांना. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक पार्सलला नवी चर्चा होते. आणि सगळं एकदम घेऊ नका. आधी फक्त रेडिओ घ्या, तोही एक्स्प्रेसएलआरएस या सिग्नल पद्धतीचा, म्हणजे पुढे त्याच पद्धतीचा रिसीव्हर लावून कुठलाही ड्रोन जोडला तरी तोच चालेल. तो यूएसबी वायरनं कॉम्प्युटरला लावायचा आणि सिम्युलेटरवर बसायचं. ॲक्रो मोडमध्ये रेडिओची काठी सोडली तरी ड्रोन स्वतःहून सरळ होत नाही, जसा तिरका केला तसाच राहतो. ही सवय बोटांना सिम्युलेटरवरच लागते. तिथे शंभर वेळा आदळलं तरी पंखा तुटत नाही. मला वाटतं, ज्याला सिम्युलेटरवर महिनाभर कंटाळा आला नाही त्याला हा छंद झेपेल, आणि ज्याला आला त्याचे पुढचे पैसे वाचले.

आता सोल्डरिंग, म्हणजे खरी शाळा. मोटरच्या बारीक तारा कुणालाही जमतात. अडतं ते बॅटरीच्या वायरपाशी. ईएससीवरचा निगेटिव्हचा पॅड आतून तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेला असतो, तो सगळी उष्णता ओढून घेतो. साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं तिथे शिसं वितळल्यासारखं दिसतं, वरून गोळा बसतो आणि आतून पकड नसते. त्याला थंड जोड म्हणतात, आणि हवेत जोरात थ्रॉटल दिला की तो उघडतो. उपाय असा: ६० वॅटचं तापमान बदलता येणारं सोल्डरिंग आयर्न, चपटं टोक, भरपूर फ्लक्स (कथील नीट पसरवणारी पेस्ट), आणि ६३-३७ ची कथील-शिशाची तार. आधी पॅडवर कथील चढवायचं, मग वायरवर, मग दोन्ही एकत्र टेकवून टोक तिथेच धरून ठेवायचं. कथील पाण्यासारखं पसरून पॅडच्या कडेपर्यंत गेलं आणि थंड होताना चकचकीत राहिलं, की जोड पक्का. मला हे आमच्या स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांनी दाखवलं. जुन्या पाट्या देऊन आधी त्यांच्यावर सराव करून घेतला. प्रत्येक गावात असा एक जण असतो, त्याच्याकडे जाऊन बसा.

पहिल्यांदा बॅटरी लावण्यापूर्वी मल्टिमीटर बझरवर ठेवून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह तपासायचं. सतत वाजला तर शॉर्ट आहे. मग बॅटरी आणि ड्रोनच्या मध्ये स्मोक स्टॉपर, म्हणजे शॉर्ट असेल तर करंट रोखणारं छोटं साधन, लावूनच बॅटरी जोडायची. व्हिडिओ ट्रान्समीटरला, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र गॉगलकडे पाठवणाऱ्या भागाला, अँटेना लावल्याशिवाय करंट द्यायचा नाही, तो जळतो. पंखे काढून मोटरची दिशा बघायची आणि पंखे काढूनच फेलसेफ तपासायचा: रेडिओ बंद केला की मोटर थांबल्या पाहिजेत. बॅटरीच्या टोकांना लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावा, मोटरमुळे येणारा विजेचा गोंगाट त्यानं बराच खाली येतो आणि चित्र स्वच्छ दिसतं.

उडवण्याबद्दल जे सांगतो ते कुठल्या इंग्रजी व्हिडिओत मला दिसलं नाही, कारण त्यांच्याकडे केळी नाही. केळीची पानं रुंद, खोडात नुसतं पाणी, आणि ५.८ गिगाहर्ट्झचा व्हिडिओ पाण्याला फार लवकर हरतो. मोकळ्या कपाशीच्या शेतावर जे चित्र लांबपर्यंत स्वच्छ येतं, ते पूर्ण वाढलेल्या केळीच्या बागेमागे उतरलं की काही मीटरमध्येच पांढरं होतं. पाणी दिलेल्या दिवशी तर आणखी. रेडिओचा २.४ गिगाहर्ट्झ त्यामानाने टिकतो, म्हणजे ड्रोन हातात असतो पण दिसत नाही. म्हणून बागेच्या कडेला उभं राहायचं, ड्रोन पानांच्या वर ठेवायचा, मागे उतरायचं नाही. चित्र फुटायला लागलं की थ्रॉटल वाढवून वर यायचं. इथे ॲनालॉगचा एक फायदा सांगितलाच पाहिजे: चित्र हळूहळू खराब होतं, मुंग्या येतात, रेघा येतात, आणि तेवढ्यात तुम्हाला परतायला वेळ मिळतो.

दुसरी गोष्ट काळी माती. आपली माती बेसाल्टची आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. तापीच्या वाळूतल्या काळ्या रेघा बघितल्या असतील, त्यातही हेच. मोटरमध्ये चुंबकं असतात, त्यामुळे ड्रोन मातीत पडला की हे कण आत जाऊन चिकटतात. हातानं मोटर फिरवली की खरखर जाणवते. फुंकर मारून ते निघत नाहीत. खालचा स्क्रू काढायचा, घंटी, म्हणजे मोटरचा वरचा फिरणारा भाग, वर ओढायची आणि चुंबकांवरून चिकटपट्टी दाबून उचलायची. पट्टीवर काळी भुकटी येते. घंटी परत बसवून फिरवली की आवाज जातो. उतरवताना मी आता जुनी गोणपाटाची पोती पसरतो, त्यावरच उतरतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा मी सूर्योदयानंतरचा तासभर सोडून उडवत नाही. बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवायच्या नाहीत. चार्ज केलेल्या बॅटऱ्या तशाच आठवडाभर ठेवल्या तर फुगतात, उन्हाळ्यात लवकर फुगतात. वापरायच्या नसतील तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. उडवताना सेलमागे साधारण ३.५ व्होल्ट दिसले की उतरा. माझ्याकडे चार-पाच मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. चार्जिंग मातीच्या कुंडीत, समोर बसून. टेबलावर सेटिंग करताना व्हिडिओ ट्रान्समीटर २५ मिलिवॅटवर ठेवा आणि शेजारी टेबलफॅन लावा, कारण हवेत त्याला जो वारा मिळतो तो घरात मिळत नाही.

जागेचं काळजीनं बघा. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं गाव शोधा. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. जळगाव विमानतळ आणि धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी यांच्या आसपासच्या मित्रांनी, तसंच भुसावळ-वरणगावकडच्यांनी आधी नकाशा उघडावा. तिकडे ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत, तिथे गंमत नाही. गॉगल लावल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून माझा चुलतभाऊ शेजारी उभा राहून ड्रोनवर नजर ठेवतो. घार फिरायला लागली, बैलगाडी आली, मजूर शेतात उतरले, की तो ओरडतो. शेतमालकाला विचारल्याशिवाय उडवायचं नाही, आणि बाया निंदणी करत असतील त्या बाजूला कॅमेरा न्यायचाच नाही. संक्रांतीच्या आसपास ड्रोन घरीच ठेवा. नायलॉनचा मांजा मोटरच्या दांड्याला गुंडाळला तर बेअरिंगपर्यंत शिरतो.

इतक्या वापरानंतर हिशेब असा. पंखे भरपूर गेले, ते डझनाच्या हिशेबानंच मागवा. फ्रेमचा एक हात तुटला, चार स्क्रू काढून बदलला. एक ईएससी पाटी गेली, ती वर सांगितली. कॅमेऱ्याच्या काचेवर ओरखडे आलेत. रिसीव्हरनं आणि कंट्रोलरनं कधी दगा दिला नाही. एका ऑनलाइन दुकानानं पाठवलेल्या बॅटऱ्यांपैकी एकीचा एक सेल पहिल्यापासून खाली होता. त्यांनी बदलून दिली नाही, त्यामुळे आता पार्सल उघडल्या उघडल्या प्रत्येक सेल मोजतो आणि व्हिडिओ काढून ठेवतो.

डिजिटल व्हिडिओवर जायची मला सध्या घाई नाही. तेवढ्या पैशांत दुसरा असाच ड्रोन उभा राहतो, आणि चुलतभाऊ आता सिम्युलेटरवर बरा उडवतो. त्याची फ्रेम आणि मोटर आल्या आहेत, स्टॅक यायचाय. या वेळी बॅटरीचा जोड तो करणार आहे.