पांढऱ्या उंदराच्या जनुकाचा पत्ता : एमजीआय वापरून पाहताना

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या वर्गात लिंकेज, म्हणजे एकाच गुणसूत्रावर जवळ असलेल्या जनुकांचं जोडीने पुढच्या पिढीत जाणं, शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. फळ्यावर क्रॉस (संकर) मांडला, पिल्लं मोजली, टक्के काढले की मुलं माना डोलावतात. पण जनुक गुणसूत्रावर ‘तिथे’ आहे म्हणजे नक्की कुठे, ते डोळ्यांपुढे येत नाही. गेली चार वर्षं मी यासाठी एमजीआय, म्हणजे माऊस जीनोम इन्फर्मॅटिक्स हे उंदराच्या जनुकांची माहिती देणारं संकेतस्थळ उघडते. अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीचं हे काम. पैसे लागत नाहीत, नावनोंदणीही नाही. आमच्या कॉलेजात उंदीर पाळायची सोय नाही, त्यामुळे आम्हाला याचं मोल फार.

मी उदाहरण घेते १९१५ चं. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, त्यांची बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांनी दाखवलं, की उंदरात गुलाबी डोळे-फिकट अंगाचं जनुक आणि पांढऱ्या रंगाचं जनुक बरेचदा जोडीनेच पुढच्या पिढीत जातात. निबंध छापून आला तेव्हा महायुद्ध पेटलेलं होतं, आणि स्प्रंट त्यातच मारला गेला. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. हे सांगितलं की वर्ग सरसावून बसतो.

मग शोधाच्या चौकटीत टी-वाय-आर ही तीन अक्षरं टाकायची. टायरोसिनेजचं, म्हणजे त्या पांढऱ्या रंगाच्या जनुकाचं पान येतं : गुणसूत्र ७, साधारण ८ कोटी ७० लाखाव्या बेसपाशी (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर). दुसरं, गुलाबी डोळ्यांचं जनुक म्हणजे ओसीए२. तेही सातव्यावरच, ५ कोटी ६० लाखांच्या आसपास. मुलं वहीत वजाबाकी करतात : ३ कोटी १० लाख. शंभरातल्या एका पिल्लात जोडी फुटते तेवढं अंतर म्हणजे एक सेंटिमॉर्गन. उंदरात ते सरासरी २० लाख बेस, म्हणजे अंतर पंधरा-सोळा सेंटिमॉर्गन. शंभर पिल्लांत पंधरा-सोळांमध्ये ही जोडी फुटलेली दिसेल. जनुक डीएनएचं असतं हेही ठाऊक नव्हतं, तेव्हा केवळ पिल्लांचे रंग मोजून लागलेलं नातं स्क्रीनवर बेसच्या आकड्यांत समोर येतं. पुस्तकातल्या आकृतीने हे कधीच साधलं नव्हतं.

एक काळजी घ्या. आकड्याशेजारी जीनोमची (उंदराच्या संपूर्ण डीएनएच्या नकाशाची) आवृत्ती लिहिलेली असते, ती आधी वाचा. एका मुलीने जुन्या निबंधातला आकडा आणला, तो साडेतीन लाखांनी वेगळा निघाला. ती रडकुंडीला आली. जनुक तिथेच होतं, मोजपट्टी नवी आली होती.

आणि हेही लक्षात असू द्या, की तुमच्या पिंजऱ्यात अचानक वेगळं पिल्लू जन्मलं तर त्याच्या जनुकाची जागा हे संकेतस्थळ काढून देणार नाही. त्यासाठी दुसऱ्या वाणाशी संकर, मग बॅकक्रॉस (संकरित पिल्लांचा मूळ वाणाशी पुन्हा संकर) आणि शेकडो पिल्लांची तपासणी करावीच लागते. जागेचा अंदाज आला, की तिथे आधीच माहीत असलेली जनुकं कोणती, हे मात्र इथे मिनिटभरात कळतं.

शेवटी मी माणसाची जुळणारी जनुकं उघडायला सांगते. टायरोसिनेज अकराव्या गुणसूत्रावर, ओसीए२ पंधराव्यावर. यंदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे हाल्डेननी माणसांची कुटुंबं तपासली असती, तर लिंकेज दिसलंच नसतं!” त्या दिवशी पुढचा धडा मी घेतलाच नाही.