छत्तीस दिवसांचं बिल आणि वेटिंगमधला कूलर

मी एसी-फ्रिज दुरुस्त करतो, नागपुरात मानेवाड्याला दुकान आहे. दवाखान्याचा रिव्ह्यू कसा लिहितात ठाऊक नाही, म्हणून गिऱ्हाईकाला मशीनबद्दल सांगतो तसं सांगतो: काय चांगलं चाललं, काय बंद पडलं होतं, पैसे किती गेले. दवाखाना धंतोलीतला, खाजगी. नाव टाकत नाही. तिथल्या दोन सिस्टरांच्या घरचे एसी आता मीच बघतो, आणि खाली काही गोष्टी कडू आहेत.

पोरगी झाली नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी. बाहेर 45 डिग्री, माझा ऐन सीझन, दर पाच मिनिटाला फोन, ‘भाऊ, आजच या, गॅस भरायचा आहे’. हिचं, म्हणजे बायकोचं, बीपी चढलं ते उतरेना, शेवटी सीझर. पोरगी तीस आठवड्यांची, वजन 1180 ग्रॅम. एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूच्या, दारात सिस्टर मला पहिलं काय म्हणाली, तर "दार लावा, बाळाला थंडी वाजते." नागपुरात, मे महिन्यात! मी हसलो. ती हसली नाही.

नंतर कळलं ते माझ्याच धंद्यातलं होतं. एवढ्या लवकर आलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, कातडी कागदासारखी असते, त्यातून पाणी उडत राहतं आणि पाणी उडालं की अंगातली ऊब जाते. कूलर गार हवा देतो तो असाच. फरक इतकाच की इथे कूलरची जाळी म्हणजे माझी पोरगी. म्हणून इन्क्युबेटरमध्ये ओलावा ठेवतात, पोटावर सेन्सर चिकटवतात आणि कातडीचं तापमान 36.5 ला धरून ठेवतात. मी पाच दिवस तो आकडा काचेतून बघत होतो. कंट्रोल एकदम पक्का. मशीनला पैकीच्या पैकी.

आता बिल. अकरा पानं आहेत, मी सगळी वाचली, कारण वेटिंगमध्ये छत्तीस रात्री दुसरं काही करायला नव्हतं. जे समजलं नाही ते रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरला विचारायचो. लातूरकडचा पोरगा, झोप आली तरी "सांगतो दादा" म्हणून सांगायचा.

औषधांतली सगळ्यात महाग ओळ सर्फॅक्टंटची, एक कुपी 13,800 रुपये. फुप्फुसातल्या फुग्यांना आतून साबणासारखा थर लागतो, तेच हे सर्फॅक्टंट, तो थर नसेल तर श्वास सोडला की फुगे चिकटून बसतात आणि पुढचा श्वास घ्यायला पुन्हा पहिल्यापासून जोर. थर कमी असल्यामुळेच ही बाळं गुदमरतात, हे मेरी एलन एव्हरी या बाईंनी 1959 मध्ये दाखवलं. औषध मात्र तेव्हा नव्हतं. 1963 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला, याच आजारानं दोन दिवसही जगला नाही. तो दोन किलोच्या वर होता, माझ्या पोरीच्या जवळपास दुप्पट. गाईच्या फुप्फुसातून काढलेला थर जपानच्या फुजिवारांनी दहा बाळांना दिला, ते छापून आलं 1980 ला. हे वाचल्यावर 13,800 या आकड्याशी भांडायची इच्छा राहिली नाही.

सगळ्यात स्वस्त ओळ शोधायला मला अर्धा तास लागला. ती पोरीच्या नाही, हिच्या बिलात होती: डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं, दर बारा तासांनी एक, बाळ बाहेर यायच्या आधी. चारही मिळून तर्री-पोह्याच्या दोन प्लेटींएवढी नाहीत. आईला द्यायचं, आत बाळाची फुप्फुसं पिकतात. याची गोष्ट मला फार आवडली. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचा डॉक्टर मेंढ्यांवर वेगळंच शोधत होता, कळा सुरू कशानं होतात ते. याच जातीचं औषध दिलेलं एक कोकरू इतकं आधी जन्मलं की श्वास घेणं शक्यच नव्हतं, आणि ते श्वास घेत होतं. मग त्यानं आणि हॉवी नावाच्या डॉक्टरनं बायांवर अभ्यास केला, तो 1972 मध्ये छापून आला. अमेरिकेत मात्र 'सरसकट द्या' असं अधिकृतपणे म्हणायला 1994 उजाडलं. इतक्या स्वस्त वस्तूला बावीस वर्षं! आमच्या डॉक्टर मॅडमनी सीझर दोन दिवस लांबवून चारही इंजेक्शनं पूर्ण होऊ दिली. माझ्या मते या दवाखान्यातलं सगळ्यात हुशारीचं काम ते. त्या थांबण्याचे त्यांनी काही लावले नाहीत.

बबल सीपॅप, म्हणजे बाळाच्या श्वासाला आधार देणारी जोडणी, बघून तर मी सिस्टरला दोनदा विचारलं, खरंच एवढंच आहे का? नाकात दोन बारीक नळ्या, हवा-ऑक्सिजन सोडायचा, आणि बाहेर जाणारी नळी पाण्याच्या बाटलीत पाच सेंटीमीटर बुडवायची. पाच सेंटीमीटर बुडाली की पाच सेंटीमीटर पाण्याचा दाब. सहा हवा तर सहा बुडवा. गेज नको, बोर्ड नको, जळायला काही नाही. बुडबुडे दिसतात तोवर दाब आहे. नऊ दिवस पोरगी त्यावर होती. बिलात 'श्वसन यंत्रणा, प्रतिदिन' असं भारदस्त नाव आणि 2,500 रुपये लावलेत. बाटलीचे एवढे नसतात. पण रात्री दर तासाला नाक दाबलं गेलं का, कातडी सोलली का, ते बघायला एक माणूस उभा असतो, पैसे त्याचे. हे मला मान्य आहे. मग बिलावर तसं लिहा ना.

ऑक्सिजनवरून माझं आणि सिस्टरचं वाजलं. मॉनिटरवर रक्तातला ऑक्सिजन 97 टक्के आला की तिथला अलार्म वाजायचा आणि ती ऑक्सिजन कमी करायची. मला वाटलं सिलिंडर वाचवतायत. मी आवाज चढवला, त्याची लाज अजून वाटते. ती म्हणाली, "भाऊ, 91 ते 95 पाहिजे, शंभर नको." जास्त ऑक्सिजननं या बाळांच्या डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात. 1940-50 च्या काळात श्रीमंत देशांतल्या नव्या इन्क्युबेटरांमध्ये मुक्त हस्तानं ऑक्सिजन सोडला आणि हजारो पोरं आंधळी झाली. गायक स्टीव्ही वंडर त्यातलाच, 1950 चा. मग कमी ठेवा, तर 2010 च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की कमी ठेवलेल्यांत डोळे जास्त वाचतात पण बाळं जास्त जातात. म्हणून ही अरुंद पट्टी. एवढं त्या सिस्टरनं मला पहिल्याच दिवशी दोन मिनिटं काढून सांगितलं असतं तर भांडण झालं नसतं. सांगायला वेळ नाही, ही या दवाखान्याची तक्रार क्रमांक एक.

कॅफीनही देत होते. हो, चहा-कॉफीतलंच. लवकर आलेली बाळं श्वास घ्यायलाच विसरतात, कॅफीननं आठवण राहते. 2006 मध्ये आलेल्या अभ्यासात बाळंही बरोबर 2006 होती, 1250 ग्रॅमपर्यंतची, आणि कॅफीन मिळालेल्यांची फुप्फुसं पुढे बरी राहिली. ही म्हणाली, बापावर गेली, चहाशिवाय चालत नाही.

आता खरी कडू गोष्ट. हिला तिसऱ्या दिवशी आत घेतलं, पण रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. तेवढ्यात पोरीला छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायचं, कांगारू म्हणतात त्याला. मला आत घ्यायला नववा दिवस उजाडला. का? "पॉलिसी आहे." ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियात बोगोटाच्या सरकारी दवाखान्यात निघाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. गरिबाचा जुगाड वाटायचा. मग जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत 3,211 बाळांवर अभ्यास केला, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. बाळं एक ते 1.8 किलोची, म्हणजे माझ्या पोरीसारखीच. जन्मल्यापासून लगेच, दिवसाचे सरासरी सतरा तास छातीवर. इतरांमध्ये महिन्याभरात शंभरातली 15.7 गेली, छातीवरच्यांत 12. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मधेच थांबवला. 2021 मध्ये छापून आलंय. आणि धंतोलीत आम्हाला दोन तास, तेही खुर्ची प्लास्टिकची. मागे रेलता येणारी एक खुर्ची आहे, तिच्यासाठी सहा आयांचा नंबर. दिवसाचे 9,500 घेता, सहा आरामखुर्च्या घ्या की राव. आयांना आतच राहू द्या.

नवव्या दिवशी शर्ट काढून बसलो. हातावर गॅस वेल्डिंगचे डाग, कोपरापर्यंत तीनदा धुवायला लावले. ती छातीवर ठेवली तेव्हा पावभर मिरच्यांच्या पिशवीएवढीही जाणवली नाही. वीस मिनिटांत तिची नाडी खाली आली आणि सेन्सर 36.7. माझ्याकडे बोर्ड नाही, सेन्सर नाही.

सासूबाई गडचिरोलीकडच्या. त्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं. त्यांच्या भागात बंग डॉक्टरांच्या 'सर्च'च्या आरोग्यदूत बाया घरोघर येतात: हात धू, बाळ गुंडाळ, अंगावरचं दूध दे, श्वास मोज. 39 गावांत हे केल्यावर बालमृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातले, 62 टक्क्यांनी उतरले, 1999 मध्ये जगभर छापून आलं. सासूबाईंचा रिव्ह्यू एका ओळीचा: "एवढी मोठी बिल्डिंग, अन् हात धुवायचं साबण संपलेलं." खरं होतं. रविवारी दुपारी दाराबाहेरच्या बेसिनला साबण नव्हता. मी खालून आणून ठेवला.

काउंटरबद्दल थोडक्यात: रात्री साडेअकराला फोन, "सकाळी दहापर्यंत चाळीस हजार भरा." तीनदा झालं. एकूण 3,92,000. महात्मा फुले योजनेत दवाखाना आहे का, हे मी भरती करताना विचारलं नाही, चूक माझी. तुम्ही आधी विचारा.

सुट्टीच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी दिवस गेले की तीन महिने व्हायच्या आत या, कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करू. पहिलटकरणींवर सहा देशांत त्याचा अभ्यास झालाय, 2020 मध्ये आला, आणि त्यात आपल्या नागपूर परिसरातल्या बायाही होत्या. वेळेआधीची बाळंतपणं शंभरात 13.1 वरून 11.6 वर आली. ही म्हणाली, पुढची वेळ कोणाची?

वेटिंगमधला कूलर पहिल्या आठवड्यातच बंद पडला. पंप जाम. वॉर्डबॉयला सांगितलं, मॅनेजरला सांगितलं, मग पान्हा आणून मीच उघडला. गाळ काढला, चालू केला. तीस माणसं त्याच्यासमोर झोपायची.

जुलैत डोळ्यांच्या तपासणीला परत गेलो. पडदा दोन्हीकडे नीट वाढतोय, दोन आठवड्यांनी एकदा दाखवा म्हणाले. वजन 1,960. बाहेर आलो तर पाऊस लागलेला, कूलर कोपऱ्यात ढकललेला, टाकीत पाणी तसंच, आणि पाण्यात डासाच्या अळ्या. महानगरपालिका आमच्या घरी येऊन यासाठी दंड मारते. पोरगी हिच्या हातात दिली, खाली बसून बूच काढलं आणि टाकी रिकामी केली. वॉर्डबॉय म्हणाला, "भाऊ, फरशी ओली होते ना." पुसायला फडकं त्यानंच आणून दिलं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या लातूरच्या पोराचा.